माझ्या नावावर खेळलेला शॉर्टस्टॉप

शॉर्टस्टॉप म्हणजे काय, हे मी आजवर माझ्या सासऱ्यांना, तीन कार्यालयप्रमुखांना, धुळ्यातल्या एका दातांच्या डॉक्टरला आणि एसटीत शेजारी बसलेल्या कितीतरी लोकांना समजावून सांगितलं आहे. बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे एक जण उभा असतो. मारणारा बहुधा उजव्या हाताचा असतो, त्यामुळे चेंडू सगळ्यात जास्त वेळा याच्याच दिशेनं येतो, जमिनीवरून आणि जोरात. तो उचलायचा, आणि मारणारा पळत पहिल्या बेसला पोहोचायच्या आत तिथे फेकायचा. सासरे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे पॉइंटला उभं राहायचं." मी हो म्हणालो. लग्न ठरायचं होतं, खेळाचा प्रसार करायची ती वेळ नव्हती.

मी राहतो जळगावला, पिंप्राळ्यात, आणि नोकरी करतो धुळ्याला. रोजचं अप-डाऊन. सकाळच्या एसटीत मोबाइलवर अमेरिकेतले सामने लागतात, कारण तिथे तेव्हा रात्र असते. तिथले शॉर्टस्टॉप मी फार मन लावून बघतो. ते हवेत झेपावतात, गुडघ्यावर घसरत चेंडू फेकतात, मग च्युइंगगम चघळत काहीच झालं नाही असा चेहरा करतात. पस्तिशीच्या आसपास त्यांचे गुडघे जातात आणि ते निवृत्त होतात. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, बायको रडते, आणि पुढच्या वर्षी ते टीव्हीवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढतात. झालं त्यांचं करिअर.

आमच्याकडच्या शॉर्टस्टॉपचं करिअर खेळ सुटल्यावर सुरू होतं. राज्य स्पर्धेत पदक मिळालं की खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी लागू शकते, आणि ती लागली की माणूस खऱ्या अर्थानं व्यावसायिक खेळाडू होतो, म्हणजे खेळाच्या जिवावर जेवतो आणि खेळत मात्र नाही. माझ्याच कार्यालयात आस्थापना शाखेला एक गोळाफेकवाला आहे, त्याला गॅसचं सिलिंडर उचलायला माणूस लागतो. आवक-जावक टेबलावर तलवारबाजी केलेला एक सद्गृहस्थ बसतो, त्याला पाकीट सरळ फाडता येत नाही. आणि मी शॉर्टस्टॉप. माझ्या टेबलावरून पुढे काहीच जात नाही, असं अभ्यागत म्हणतात. मी ते कौतुक म्हणून घेतो.

हा विनोद मी वर्षानुवर्षं करत आलो आहे. लोक हसतात. त्यामागची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नव्हती. ती आता सांगतो, कारण न सांगून जे वाचवायचं होतं ते आता उरलेलं नाही.

आमच्या भागात बेसबॉलचा संघ सोळा जणांचा असे. खेळतात नऊ. एखादा फेकणारा दमला, कुणाचा हात सुजला तर म्हणून आणखी दोन. हे झाले अकरा. यांना संघ निवडणारे आमच्या कॉलेजातले सर 'मैदानवाले' म्हणत. उरलेल्या पाच जागा 'कागदवाल्यां'च्या. म्हणजे कुणा संचालकाचा पुतण्या, कुणा डॉक्टरांचा मुलगा, असे. हे लोक गणवेश घालून बाकावर बसत, फोटोत पहिल्या रांगेत असत, आणि प्रमाणपत्र सगळ्यांना सारखंच मिळे. सर हे सगळं उघडपणे करत. त्यांच्या डायरीत मैदानवाल्यांचं पान निराळं आणि कागदवाल्यांचं निराळं होतं. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी जन्मभर पाळला: कागदवाल्याला मैदानात उतरवायचं नाही. "शिफारशीचं पोर," ते म्हणत, "आपण सांभाळून नेतो आणि सांभाळून परत आणतो. दात पडला तर बापाला काय सांगू?" पालकही येऊन तेच सांगत. आमचा खेळला नाही तरी चालेल सर, बसायला जागा असू द्या.

मी कागदवाला होतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पारोळ्याला एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत होते आणि त्यांचा शब्द चाले. मी सरावाला जायचो, नाही असं नाही. पण आमचं मैदान काळ्या मातीचं. होळीनंतर त्याला अशा भेगा पडत की त्यात चेंडू सोडाच, चप्पल जाई. जमिनीवरून येणारा चेंडू भेगेच्या काठावर आपटला की कुठे उडेल याचा नेम नसे. एकदा माझ्या ओठावर आला. त्या दिवसापासून मी चेंडू येताना डोळे मिटायला लागलो, आणि डोळे मिटणाऱ्या शॉर्टस्टॉपला कागदाच्या पानावरच जागा असते.

मैदानाच्या पानावर शॉर्टस्टॉप म्हणून जो होता, तो चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा. आश्रमशाळेत शिकून आमच्या कॉलेजात आला होता. सडपातळ, काळा, कमी बोलणारा. भेगांची त्याला भीती नव्हती, कारण तो चेंडूची वाटच पाहत नसे. चेंडू भेगेला लागायच्या आत पुढे पळत जाऊन तो जमिनीलगत उचलायचा आणि त्याच चालीत फेकायचा. मी त्याला एकदा विचारलं, एवढ्या लवकर कसं कळतं रे तुला? तो म्हणाला, "माले काय कळस नही भाऊ. थांबं ते लागस, म्हनीसन मी थांबस नही." थांबलं की लागतं, म्हणून मी थांबत नाही. यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मी नंतर अमेरिकेच्या कुठल्याही व्हिडिओत ऐकलं नाही.

राज्य स्पर्धा दूरच्या एका शहरात होती. निघायच्या आदल्या दिवशी त्याचे कागद परत आले. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि दुसऱ्या कागदावर दुसरी. बहुधा दोन्ही खोट्या असाव्यात, कारण त्याच्या आईला तो पेरणीच्या दिवसांत झाला एवढंच आठवत होतं. नाव यादीतून कापलं गेलं. सरांनी बराच वेळ डोक्याला हात लावून घेतला आणि मग आम्हा दोघांना बोलावलं. दोघंही किडकिडीत, दोघांना नुकतीच मिसरूड फुटलेली, आणि ओळखपत्रावरचा माझा फोटो असा की त्यात माझी आई मला ओळखणार नाही. सर म्हणाले, "कागद तुझा, खेळ त्याचा."

लोक सहसा याच्या उलट करतात. खेळणाऱ्याचा कागद न खेळणाऱ्याला देतात. आमच्या सरांनी न खेळणाऱ्याचा कागद खेळणाऱ्याला दिला, आणि यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, कारण संघात शॉर्टस्टॉप असणं त्यांना गरजेचं होतं. मीसुद्धा गेलो. दोरीच्या बाहेर प्रेक्षकांत बसलो. पहिल्यांदा लाउडस्पीकरवर माझं नाव घेतलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, बसा, दिसत नाही.

तीन दिवस तो माझ्या नावानं खेळला. तिसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात शेवटचा गडी बाद करायचा होता आणि चेंडू त्याच्या उजव्या हाताच्या पलीकडे, तिसऱ्या बेसच्या अंगाला निघाला. तो आडवा पळाला, उलट्या हातानं चेंडू उचलला, आणि उभं राहायला वेळ नव्हता म्हणून एका गुडघ्यावरूनच पहिल्या बेसला फेकला. गडी बाद झाला. लोक माझं नाव घेऊन ओरडायला लागले. खरं सांगतो, थोडा वेळ मला वाटलं की आपणच केलं. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट क्षेत्ररक्षक म्हणून चषक मिळाला, त्यावरही माझं नाव. परतताना बसमध्ये त्यानं तो माझ्या मांडीवर ठेवला. "नाव तुनं शे, तुनाच घर ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

त्या कागदावर मला नोकरी लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. त्यानं पुढच्या वर्षी कॉलेज सोडलं. गावी कोरडवाहू शेती, हंगामात मजुरी, असं त्याचं चाललं. हे मला माहीत होतं, कारण तो वर्षातून एकदा-दोनदा माझ्याकडे यायचा.

आता हे येणं. जळगावला काही कामानं आला की पिंप्राळ्यात माझ्या घरी यायचा. हातात कधी चारोळी, कधी मधाची बाटली, पावसाळ्यात करटुली. चहा घ्यायचा, पोरांची चौकशी करायचा, आणि जायचा. काही मागायचा नाही. माझ्या बायकोला तो फार आवडे. तिला वाटे, जुना संघातला मित्र, किती जीव लावतो. मला मात्र तो दारात दिसला की हा कधी जातो असं होई. चोराच्या मनात चांदणं. सरकारी नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो आहे: जो लहान काही मागत नाही, तो मोठं मागणार असतो. मी मनातल्या मनात त्याच्या मागणीची वाट बघायचो. एकदा तो आमच्या शोकेसपाशी उभा राहिला आणि चषकावरची धूळ त्यानं आपल्या रुमालानं पुसली. बायको म्हणाली, बघा, यांना तेवढीसुद्धा फुरसत नाही. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

त्यात अलीकडे खेळाडूंच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी सुरू झाली. वर्तमानपत्रात रोज काहीतरी येई. कार्यालयात गोळाफेकवाला जोर काढायला लागला, निदान मोठमोठ्यानं सांगायला लागला की आपण जोर काढतो. मी पुरावे गोळा केले तर सगळे पक्के निघाले: प्रमाणपत्र खरं, पदक खरं, नाव खरं. फक्त माणूस खोटा होता, आणि ते सांगू शकणारा एकच जण चारोळी घेऊन माझ्या घरी येत होता.

आणि मग एका दुपारी त्यानं मागितलं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मनी पोर बेसबॉल खेळस. शॉर्टस्टॉपले उभी ऱ्हास. पुढला रविवारी निवड चाचणी शे. तू येजो."

मी विचारलं, "बस एवढंच?"

"एवढंच. तू ये फक्त."

तो गेला आणि मी जिंकल्यासारखा सोफ्यावर बसलो. आलं बाबा एकदाचं. वीस वर्षं ज्याची धास्ती घेतली ती मागणी ही एवढीशी. त्याच्या पोरीला संघात घ्यायचं. 'तू ये' याचा अर्थ आमच्या भागात जन्मलेल्या कुणालाही सांगावा लागत नाही. लग्नाला या म्हणजे आहेर आणा, कचेरीत या म्हणजे काहीतरी घेऊन या, आणि चाचणीला या म्हणजे शब्द टाका. माझा शब्द आता चालतो. मी माजी सर्वोत्कृष्ट क्षेत्ररक्षक आहे, दर वर्षी कुठल्या ना कुठल्या क्रीडा महोत्सवात नारळ फोडायला असतो. जुने सर वारले. त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखाली तयार झालेले नवे सर आहेत, मला फार मान देतात. मी त्यांना फोन लावला. मुलीचं नाव, गाव सांगितलं. "आपलीच आहे," म्हणालो. "जरा बघा."

"साहेब, तुम्ही सांगितलं, झालं," नवे सर म्हणाले.

झालं म्हटल्यावर जायची काय गरज? रविवार होता, घरी भरीत-पुरीचा बेत होता, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची म्हणजे अर्धा दिवस जातो. मी गेलो नाही. संध्याकाळी नव्या सरांचा फोन आला, यादीत नाव आहे. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

राज्य स्पर्धा त्या वर्षी धुळ्यालाच होती. उद्घाटनाला मी होतो. नारळ फोडला, फीत कापली, खेळात हार-जीत महत्त्वाची नसते असं भाषण केलं. असं म्हणणाऱ्यानं दोन्हीपैकी काहीही केलेलं नसतं, हे माझं निरीक्षण आहे. मग मांडवात पहिल्या रांगेत बसून आमच्या मुलींचा सामना बघायला लागलो. शॉर्टस्टॉपला एक ठेंगणी, चपळ मुलगी उभी होती. मला वाटलं हीच. मी शेजाऱ्याला सांगायलाही लागलो होतो, बघा, कशी पुढे पळत जाते. पण ती पुढे पळत नव्हती. चेंडूची वाट पाहत होती. मग बाकाकडे नजर गेली. तिथे राखीव दोघींच्या पलीकडे पाच जणी ओळीनं बसल्या होत्या, इस्त्री मोडलेली नाही असे गणवेश घालून. शेवटची मुलगी सडपातळ, काळी होती. तिच्या डाव्या हातात ग्लव्ह होता आणि उजव्या हाताची मूठ ती त्यात पुन्हा पुन्हा मारत होती. प्रत्येक चेंडूला ती बाकावरून अर्धी उठायची.

डावांच्या मधे मी नव्या सरांना गाठलं. विचारलं, हिला का बसवलंय?

त्यांनी खिशातून डायरी काढली. पानं दोनच होती, जुन्या सरांची पद्धत. कागदवाल्यांच्या पानावर पाचवं नाव तिचं. "तुमचाच फोन होता ना साहेब?"

"अहो, पण चाचणीत तिचा खेळ पाहिलात ना?"

"चाचणी कशाला घ्यायची?" त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांच्या पाहुणचारावर शंका घेतोय. "तुमचा शब्द आल्यावर पोरीला उन्हात पळवू का? आल्याबरोबर सावलीत खुर्ची दिली. ती म्हणत होती, सर, मला एकदा चेंडू टाका. मी म्हटलं, बाई, तुझं झालंय, तू सरबत घे. बाप पण लांबून आला होता, गेटपाशी उभा होता. त्यालाही सरबत दिलं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझं तसंही नव्हतं, कारण मी काहीच करायला गेलो नव्हतो, फोन केला होता. तिला बसलेली पाहून मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचा संतापही आला. आमच्याकडे शिफारस म्हणजे मागच्या दारानं आत जाणं, एवढंच मला माहीत होतं. पण ते दार उघडतं ते थेट बाकावर, हे मी, स्वतः त्या बाकावर बसलेला माणूस, विसरलो होतो. ती मुलगी पुढच्या दारानं येत होती. मी तिला हात धरून मागे नेलं.

मी नव्या सरांना म्हणालो, तिला एक डाव खेळवा, ती खरी खेळाडू आहे. ते हसले. "साहेब, फोन करणारे सगळे असंच म्हणतात."

तेव्हा मी सांगितलं. मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून, वीस वर्षांत पहिल्यांदा. तो चेंडू मी उचलला नव्हता, हिच्या बापानं उचलला होता. माझ्या नावानं तोच खेळला. म्हणून मला ठाऊक आहे ही काय असणार. नोकरी गेली असं समजूनच मी बोलत होतो.

नव्या सरांनी सगळं ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते आम्हाला माहीत आहे, साहेब. जुने सर दर वर्षी पोरांना सांगायचे. असा शॉर्टस्टॉप पुन्हा झाला नाही, म्हणायचे. तुमचं पण सांगायचे. आमच्या कागदवाल्यांत सगळ्यात पुढे गेलेले तुम्हीच."

म्हणजे ज्या मुलांसमोर मी दर वर्षी नारळ फोडला, खेळाडूवृत्तीवर बोललो, त्या सगळ्यांना माहीत होतं. तरी ती मुलं टाळ्या वाजवत होती. मला क्षणभर त्या टाकीतच उडी मारावीशी वाटली, पण तिच्यात पाणी कमी होतं.

"मग खेळवा ना तिला," मी म्हणालो.

"आता कसं?" ते म्हणाले. हसत नव्हते आता. "तिला उतरवलं तर बाकीच्या चौघींचे बाप उद्या माझ्या दारात. तेही सोडा. जी उभी आहे ती तीन वर्षं रोज सकाळी पाचला येते, साहेब. तिला कुणाचा फोन नाही. तिला कोणत्या तोंडानं बाहेर बसवू? चाचणीच्या दिवशी या दोघींची स्पर्धा झाली असती. तो दिवस गेला." ते बरोबर बोलत होते.

मी मांडवात परत गेलो नाही. दोरीच्या कडेनं चालत बाकाच्या मागे आलो. तिथे तो उभा होता. सकाळची पहिली एसटी पकडून गावाहून आला असणार, खांद्याला पिशवी होती. त्यानं मला पाहून हात वर केला, नेहमीसारखाच. सामना चालू होता. आमच्या शॉर्टस्टॉपच्या अंगावर एक चेंडू आला, ती थांबली, तो उडून तिच्या खांद्याला लागला. तिनं तरी तो उचलून फेकला. बाकावरची मुलगी उभी राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती.

डाव संपल्यावर ती पाणी प्यायला मागे आली. बापानं माझ्याकडे बोट करून तिला सांगितलं, हेच ते. तिनं वाकून नमस्कार केला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. शहरातल्यासारखं शुद्ध बोलत होती.

"काका, तुम्ही सरांना माझ्यासाठी फोन केला होता का?"

मी हो म्हणालो. मग पुढे जोडलं, "तुझं भलं व्हावं म्हणून."

"मला वाटलंच," ती म्हणाली. रागानं नाही. "मी एकटीच अशी होते जिला कुणी चेंडू टाकला नाही." मग शिट्टी झाली आणि ती परत जाऊन बाकावर बसली, ग्लव्ह हातात घालून.

आम्ही दोघं दोरीला टेकून उभे राहिलो. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "चुकलं माझं. मला वाटलं, तू ये म्हणालास म्हणजे तुला तेच हवंय. नाहीतर मला कशाला बोलावशील?"

तो मैदानाकडे बघत म्हणाला, "पोर माले इचारे, बाबा, ज्यानं नाव लीसन तुम्ही खेळनात, तो मानूस कसा शे? मी म्हनं, चांगला शे. तिले पटे ना. म्हनीसन म्हनं, एकदाव तिले दखाडू."

ज्याच्या नावानं आपण खेळलो तो माणूस चांगला आहे, हे त्याला एकदा तिला दाखवायचं होतं. एवढं बोलून त्यानं पिशवीतून मधाची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती घेतली.